दांडा गाडीच्या डिकीत होता

या सदरातले अनुभव मी वाचते ते जेवताना, आणि बहुतेक वेळा हसते. खोटं कशाला सांगू. सव्वीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात इलेक्ट्रिकल इंजिनीअर म्हणून काढली. दिवा आपोआप लागला म्हणजे अर्थिंग खराब, पंखा आपोआप फिरला म्हणजे कुणीतरी बटण दाबलंय. माझ्या हाताखालच्या ज्युनियरनं एकदा रिपोर्टमध्ये ‘कारण अज्ञात’ असं लिहिलं होतं, तर मी तो कागद त्याच्यासमोर फाडला. कारण अज्ञात नसतं, आपण आळशी असतो, असं सुनावलं त्याला. तो बिचारा हे वाचत असेल तर त्याची माफी मागते... कारण आज मला तेच दोन शब्द लिहायचे आहेत.

आधी जागा सांगते. कश्मीरी गेट मेट्रोवरून चालत दहा-बारा मिनिटांवर एक जुनं चर्च आहे. नाव देत नाही, कमिटीवाल्यांना आवडणार नाही. इंग्रजांच्या वेळचं, अँग्लिकन पद्धतीचं. पिवळा चुना, कडुनिंबाची झाडं, आणि भिंतींवर पितळी पाट्या. कुणी बावीस वर्षांचा साहेब कॉलऱ्यानं गेला, कुणाची बायको बाळंतपणात. सकाळी इंग्रजी उपासना, मग हिंदी, आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी मराठी. मराठीला असतात जेमतेम वीस माणसं. आमच्यासारखी केंद्र सरकारातली दोन-चार कुटुंबं, आणि करोल बागेत यूपीएससी करणारी गावाकडची मुलं. त्यातली अर्धी ख्रिस्ती नाहीतच, नंतरच्या पोह्यांसाठी येतात. मी तरी काय वेगळी आहे? मी साताऱ्याची, माहेरी गणपती. नवरा विलास नगरचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं, तू तुझं कर, मी माझं करते, आणि जेवायला दोन्हीकडे जायचं. तसं चाललंय.

या चर्चमध्ये एक ऑर्गन आहे. पेटी नव्हे, खरा, भिंतीएवढा, पाइपांचा. तो वाजवतात विलासच्या आत्या, सुशीलाआत्या. वय एकोणऐंशी. नगरहून शिक्षिका म्हणून दिल्लीत आल्या त्या इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. शाळा सुटली, क्वार्टर सुटलं, आता आमच्याकडे लक्ष्मीबाई नगरला राहतात. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी आहे, त्यात ऑर्गनचे वेगळे बूट. पायानं पट्ट्या दाबाव्या लागतात ना, म्हणून. त्या बुटांना घरात कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. ऑर्गनला त्या ‘आमचा बाजा’ म्हणतात.

बाजा हवेवर चालतो. त्याच्या मागे एक अरुंद खोली आहे, तिला सगळे ‘भात्याची खोली’ म्हणतात. आत चामड्याच्या घड्यांचा भलामोठा भाता, लोहाराचा असतो तसाच, पण पलंगाएवढा. पूर्वी त्याला एक लाकडी दांडा होता आणि तो वरखाली करायला एक माणूस. भात्यात किती हवा आहे ते कळावं म्हणून दोरीला शिशाचा एक गोळा टांगलाय. गोळा वर गेला की हवा भरली, खाली आला की संपत आली. वाजवणारा बाहेर, भाता ओढणारा आत, एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून या चर्चमध्ये एक रीत पडली होती. सुरू करताना आणि संपवताना वाजवणाऱ्यानं लाकडावर दोनदा टकटक करायची, आणि आतल्यानं एकदा टक करून उत्तर द्यायचं. भर — भरलं. झालं — बरं.

मग मोटर बसली. त्यालाही तीस-एक वर्षं झाली असतील. आत माणूस राहिला नाही, दांडा नुसता लटकत राहिला. पण आत्या दर रविवारी दोनदा टकटक करतात ती करतातच. उत्तर अर्थात येत नाही. मी एकदा चिडवलं, “आत्या, मोटरला ऐकू येत नाही हो.” तर म्हणाल्या, “सांगायचं आपलं काम आहे.”

आता मुख्य गोष्ट. गेल्या ईस्टरला भरल्या चर्चमध्ये गीताच्या मधोमध मोटर बंद पडली. बाजानं एक लांब सुस्कारा टाकला आणि मुका झाला. लोक आधी गप्प, मग कुणीतरी हसलं. कमिटीत चर्चा सुरू झाली की हे धूड काढा, कीबोर्ड मिळालाय भेट, तो लावा, कोपरा मोकळा होईल. शेवटी असं ठरलं की ऑक्टोबरात चर्चच्या वर्धापनदिनाला बाजा वाजवून बघायचा. पूर्ण उपासना नीट निभली तर दुरुस्तीचं बघू. परत बंद पडला तर उतरवायचा. कमिटीचे सेक्रेटरी मसीहसाहेब, अत्यंत सज्जन माणूस, घरी येऊन सांगून गेले. आत्यांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, सगळं हसून ऐकलं.

आणि मग तीन दिवस जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. नुसता घास तोंडात फिरवायच्या. मला ते बघवेना. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “बाजा गेला तरी मी चर्चला येईन गं. पण मग मागच्या बाकावर बसेन. मला गाता येत नाही नीलिमा, मला तेवढंच येतं.”

मला रडू आलं असतं, पण मला रडू आलं की राग येतो. मी म्हटलं, मोटरचं माझ्यावर सोडा. हा माझा धंदा आहे.

दोन महिने लागले. दर शनिवारी सकाळी मी, माझी टूलबॅग आणि खात्यातून रिटायर झालेला एक फिटर. मोटर रिवाइंड करून आणली, नवा स्टार्टर, नवी केबल, वेगळा एमसीबी. काम असं देखणं झालं की मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. एकच कटकट होती, तो दांडा. मोटर चालू झाली की तो आपला हलत राहायचा आणि माझ्या केबलला घासायचा. दोन बोल्ट होते. काढले. दांडा जुन्या चादरीत गुंडाळला, बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यालाच बांधले, आणि गाडीच्या डिकीत ठेवून दिला. भाता जिथे दांडा धरतो ती लोखंडी खोबण तेवढी मागे राहिली, रिकामी.

आत्यांनी आत डोकावून बघितलं. “दांडा कुठाय?”

“काढला. त्याचं काय काम आता?”

“लाइट गेली तर?”

“आत्या, एवढं नवं सगळं टाकलंय. मी आहे ना.”

“बरं,” म्हणाल्या. सासरच्या माणसांचं ‘बरं’ कसं असतं ते बायकांना सांगायला नको. पण मी लक्ष दिलं नाही. आणि इतक्या वर्षांच्या इंजिनीअरला एक साधी गोष्ट सुचली नाही, की मोटर कितीही नवी असली तरी लाइट दिल्लीचीच आहे. जनरेटर चर्चला नाही. साइटवर मी पोरांना ओरडून सांगते की बॅकअप काढू नका, आणि स्वतः... असो.

वर्धापनदिनाचा रविवार. सकाळी दहाची वेळ. सगळ्या भाषांची एकत्र उपासना, चर्च गच्च. करोल बागेची मुलंसुद्धा इस्त्रीचे शर्ट घालून आलेली. मी मुद्दाम भात्याच्या खोलीच्या दाराला लागून खुर्ची टाकली होती. आत्यांनी बूट बदलले, बाकावर बसल्या, लाकडावर दोनदा टकटक केली. मी आत जाऊन मोटर चालू केली, बाहेर आले, बसले. पहिलं गीत छान झालं, दुसरं झालं, प्रवचन झालं. लांबलं, पण झालं. मसीहसाहेबांनी लांबून माझ्याकडे बघून मान हलवली. शेवटचं गीत उरलं, पाच कडव्यांचं. पहिलं कडवं संपलं आणि दुसऱ्याच्या पहिल्या ओळीला वरचे पंखे मंदावायला लागले.

पंखे मंदावताना मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. लाइट गेली होती.

भरलेला भाता किती पुरतो ते मला माहीत होतं, मीच मोजलं होतं. जास्तीत जास्त वीस सेकंद. मी दार ढकलून आत शिरले. मोटरवर हात ठेवला — थंडगार नाही, गरमच होती, पण थरथर नाही. बंद. वीज तुटल्यानं स्टार्टर पडलेला. डोक्यात एकच विचार, दांडा. आणि लगेच दुसरा, की दांडा डिकीत, आणि गाडी गेटच्या बाहेर पार त्या कोपऱ्यावर. धावले तरी जायला-यायला पाच मिनिटं. मला आत्यांचं ते ‘मागच्या बाकावर’ आठवलं.

पण बाजा वाजत होता.

आधी मला ते कळलंच नाही. वीस सेकंद झाली, तीस झाली. बाहेर लोक तिसऱ्या कडव्यात शिरले आणि आवाज तसाच, भरीव. मग माझं लक्ष खोबणीकडे गेलं. दांडा बसतो ती लोखंडी खोबण. ती वर जात होती... खाली येत होती... वर... खाली. रिकामी. कुठे घाई नाही, हिसका नाही. सरावाचा माणूस काम करतो तशी एका लयीत. तिच्याबरोबर चामड्याच्या घड्या उघडत होत्या, मिटत होत्या. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. खोलीत मी सोडून कुणी नव्हतं.

लोक विचारतात, घाबरलीस का? नाही. लाज वाटली. कुणी आपलं काम करत असावं आणि आपण मध्येच येऊन उभं राहावं, अगदी तसं वाटलं. तुम्ही हसाल, पण मी भिंतीला टेकून बाजूला सरकले. जागा करून दिली.

चौथं कडवं संपत आलं तेव्हा खोबण जरा भरभर हलली. शिशाचा गोळा वर गेला, आणखी वर, पार टोकाला टेकला. बाजाला समोर खुंट्या असतात, जितक्या ओढाव्या तितके जास्त पाइप वाजतात आणि तितकी जास्त हवा लागते. पाचव्या कडव्याला आत्यांनी त्या सगळ्या ओढल्या असाव्यात, कारण असा आवाज मी त्या चर्चमध्ये कधी ऐकला नव्हता. माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती. लोक मोठ्यानं गात होते. मला एक शब्द कळत नव्हता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, या वेळी राग न येता.

गीत संपलं. शेवटचा सूर थांबला. बाहेरून आत्यांनी लाकडावर दोनदा टकटक केली.

आणि आतून उत्तर आलं. एकदा. माझ्यापासून हातभर अंतरावर, लाकडावर, बोटाच्या पेरानं मारावं तसं. माझे दोन्ही हात पदर धरून छातीशी होते.

मग खोबण खाली आली आणि थांबली.

बाहेर आले तेव्हा मी घामानं निथळत होते. मसीहसाहेब धावत आले. “मैडम, कमाल कर दिया आपने. लाइट तो गई हुई थी, हाथ से चलाया?” मागे कमिटीची चार माणसं. मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाकावर बसून बूट बदलणाऱ्या आत्या दिसल्या. मान खाली, पण कान इकडे.

“हाँ जी,” मी म्हणाले.

झालं. हातानंसुद्धा इतका छान चालतो म्हणजे भाता धडधाकट आहे, असं कमिटीचं तिथल्या तिथे मत झालं. बाजा राहणार. मला शाल घातली. ती घालून घेताना मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं, तेही इथे कबूल करते.

गाडीपाशी विलासनं पिशव्या ठेवायला डिकी उघडली. चादरीतला दांडा तसाच, बोल्टांची पिशवी तशीच गाठ मारलेली. तो दांड्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “नीलिमा, मग तू आत ओढलंस काय?”

“घरी चल,” म्हटलं.

जेवणं झाल्यावर मी आत्यांना सगळं सांगितलं. त्या बडीशेप चघळत ऐकत होत्या. मला वाटलं प्रार्थना करतील, रडतील, निदान चकित होतील. त्यांनी विचारलं, “तू मध्ये आली नाहीस ना?”

“बाजूला सरकले.”

“शहाणी आहेस.” मग म्हणाल्या, “ती तू नाहीस, हे मला तिसऱ्या कडव्यालाच कळलं होतं. दर माणसाची हवा वेगळी लागते गं हाताला. मी नवीन आले तेव्हा याकूबभाई होते भात्यावर. माझ्या वडिलांच्या वयाचे. मला हिंदी येत नव्हतं, त्यांना मराठी नव्हतं. आमचं बोलणं म्हणजे ती टकटक. शेवटच्या कडव्याला मी सगळ्या खुंट्या ओढणार हे त्यांना बरोबर माहीत असायचं, आधीच काठोकाठ भरून द्यायचे. त्यांच्यानंतर तसं कुणी भरलं नाही. मोटरला काय कळतंय? आज मी ठरवलं होतं, लाइट गेलीय, जपून वाजवायचं. पण हवा अशी आली... म्हटलं, भरून देताहेत तर आपण कशाला कंजुषी करायची.”

“म्हणजे ते याकूबभाई होते?”

“मी कुठं म्हणाले तसं?” आत्या उठल्या. “मला दिसलं नाही, तुला दिसलं नाही. उगाच कशाला कुणाचं नाव घ्या.”

सोमवारी मी रजा टाकली आणि मीटर, स्टॉपवॉच घेऊन चर्चला गेले. मोटर बंद करून भाता रिकामा होऊ दिला, पाच वेळा. वीस सेकंदांच्या वर एकदाही गेला नाही. खोबण हातानं दाबून बघितली. दांड्याशिवाय ती दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून, बोटभर हलली आणि माझा खांदा धरला. वीज कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. त्या भागाची लाइट त्या वेळी गेलेली होती, परत यायला अर्धा तास लागला. विलासनं उंदरांची शक्यता मांडली. त्याला मी दोन दिवस चहा दिला नाही.

पुढच्या रविवारी मसीहसाहेबांना गाठून खरं काय ते सांगून टाकलं. शाल परत करायलाही नेली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते पण सरकारी नोकरीतूनच निवृत्त झालेले. म्हणाले, “मैडम, फाइल बंद हो चुकी है। शाल रखिए।” मग चष्मा पुसत हळूच विचारलं, “जवाब में खटखट एक ही बार हुई थी न?” मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

आता दांडा जागेवर आहे. मीच बसवला, नव्या बोल्टांनी, केबल दुसरीकडून फिरवून. बाजा दुरुस्त करणारे कारागीर येऊन बघून गेले. ते म्हणाले, चामडं सुकू नये म्हणून अधूनमधून हातानं चालवत जा. म्हणून मराठीच्या रविवारी आम्ही मोटर लावत नाही. करोल बागेची अक्षता, सांगलीकडची, यूपीएससीचे दोन अटेम्प्ट देऊन झालेली, आत्यांकडे बाजा शिकायला लागली आहे. चर्चशी तिचा संबंध पोह्यांपुरताच होता. आत्या तिला ओरडतात, ती हसते, आणि दुसरे बूट घ्यावे लागणार असं दिसतंय. आत्या दोन वेळा व्यवस्थित जेवतात.

आणि दांड्यावर मी असते. पहिल्या दिवशी माझं इतकं चुकलं की आत्या बाहेरून म्हणाल्या, “नीलिमा, दम लागल्यासारखं वाजतंय.” आता बरं जमतं. शेवटच्या कडव्याआधी गोळा टोकाला न्यायचा, हे पण जमतं. ते कुणाकडून शिकले ते तुम्हाला माहीतच आहे.

त्या दिवशी काय झालं याचं माझ्याकडे उत्तर नाही. कारण अज्ञात. लिहिलं एकदाचं.

फक्त एक सवय लागली आहे. गीत संपतं, बाहेरून दोनदा टकटक होते, तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही. जरा थांबते. म्हटलं, दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर देऊ दे. अजून तरी मलाच द्यावं लागतंय.